साडेअडतीस मिनिटांचा खेळ, एकोणीस तासांची स्पर्धा

फेब्रुवारीतील एका शनिवार-रविवारी पुण्यातील एका रग्बी क्लबने भरवलेल्या आंतरक्लब स्पर्धेत आमचा 14 वर्षांखालील मुलींचा संघ उतरला होता. बारा मुली, एक प्रशिक्षक आणि 'व्यवस्थापक' या भारदस्त पदनामाखाली पाण्याच्या बाटल्या, जन्मदाखल्यांच्या प्रती व केसांची रबरे सांभाळणारी मी, असा आमचा चौदा जणांचा लवाजमा होता. प्रवेशशुल्क संघामागे 6,000 रुपये, म्हणजे मुलीमागे 500 रुपये होते आणि त्यात दोन्ही दिवसांचा नाश्ता, दुपारचे जेवण, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार व किमान चार सामने यांची हमी परिपत्रकात दिलेली होती. पैसे मोजून घेतलेल्या कोणत्याही सेवेचे परीक्षण जसे केले जाते तसे या स्पर्धेचेही व्हावे, असे मला वाटते, कारण मुलांच्या स्पर्धांबद्दल आपल्याकडे फार तर निकाल लिहिला जातो आणि सोबत करंडक उंचावलेले एक छायाचित्र छापले जाते. क्लबचे नाव येथे मुद्दाम देत नाही. जे म्हणायचे ते मी त्यांना पत्राने कळवले आहे, आणि पुढे जे लिहिले आहे त्यातील निम्म्याहून अधिक गोष्टी इतर खेळांच्या स्पर्धांतही मी पाहिलेल्या आहेत.

रग्बीशी परिचय नसलेल्यांसाठी थोडे सांगणे भाग आहे. ही स्पर्धा 'सेव्हन्स'ची होती, म्हणजे दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू, सात मिनिटांची दोन सत्रे आणि मध्ये जेमतेम दोन मिनिटांची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय'चे 5 गुण मिळतात आणि त्यानंतर चेंडू खांबांमधून आडव्या दांडीवरून मारला की आणखी 2 गुण. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, मागेच द्यावा लागतो. या छोट्या प्रकाराचा जन्म 1883 साली स्कॉटलंडमधील मेलरोज या गावी झाला. तेथील क्लबला पैशांची निकड होती, पंधरा-पंधरा जणांचे अनेक सामने एका दुपारीत बसवणे अशक्य होते, म्हणून नेड हेग नावाच्या खाटकाने संघच लहान करण्याची कल्पना काढली. एका दुपारीत पुष्कळ सामने उरकावेत म्हणून जन्मलेल्या या खेळाचे वेळापत्रक आमच्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी पावणेदोन तासांनी घसरले, याची मला दिवसभर गंमत वाटत राहिली. मुलींना ती अर्थातच वाटली नाही.

आमच्या मुली कोथरूड-कर्वेनगर भागातल्या. मैदान शहराच्या दुसऱ्या टोकाला, खराडीच्या बाजूला होते. वनाझहून सकाळी सहाच्या पहिल्या मेट्रोने रामवाडीपर्यंत आणि पुढे रिक्षा करून आम्ही सात वाजता नोंदणीच्या टेबलाशी उभे होतो. नोंदणीचे काम चोख होते. वयाचे दाखले एकेक करून मूळ कागदाशी ताडून पाहिले गेले, प्रत्येक मुलीच्या मनगटावर रंगीत पट्टी बांधली गेली आणि माउथगार्ड जवळ आहे का, हे तोंडी न विचारता प्रत्यक्ष दाखवायला सांगितले गेले. आमच्या एका मुलीचे माउथगार्ड घरीच राहिले होते. टेबलावरच्या मुलाने खोक्यातून नवे काढून दिले, शेजारच्या थर्मासमधले गरम पाणी वाटीत ओतले, त्यात ते मऊ करून तिला दातांखाली दाबून धरायला लावले आणि खरेदीच्या किमतीएवढेच पैसे घेतले. सात-आठ मिनिटांत काम झाले. हा थर्मास कोणाच्या डोक्यातून आला असेल त्या व्यक्तीला मी मनापासून दाद देते, कारण पुढच्या दोन दिवसांत एवढ्या दूरदृष्टीची दुसरी वस्तू मला तेथे सापडली नाही.

मैदानाबद्दल संमिश्र मत आहे. गवत होते, पण मधल्या पट्ट्यात मुरूम वर आलेला होता. उजाडण्याच्या सुमारास आयोजक क्लबची पंधरा-वीस मुले एका रांगेत वाकून खडे वेचत पुढे सरकताना आम्ही आत शिरलो, आणि तेवढ्यावरून मैदानाची काळजी घेणारे कोणीतरी आहे हे कळले. रेषा फक्कीने ठसठशीत मारलेल्या होत्या. एच आकाराचे खांब फुटबॉलच्या गोलला बांबू बांधून उभे केलेले असले तरी भक्कम होते. मात्र खांबांना गुंडाळायच्या गाद्या एका मैदानावर चारही खांबांना होत्या आणि दुसऱ्यावर फक्त दोन खांबांना, तेही एकाच टोकाला. सुतळीने बांधलेली एक गादी सोडून दुसरीकडे नेण्याचा तोडगा मी सुचवला, तेव्हा 'दुपारपर्यंत येतील' असे उत्तर मिळाले. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. रेषेकडे डोळे लावून धावणाऱ्या मुलीला खांब दिसत नाही, हे रग्बी भरवणाऱ्या क्लबला पालकाने सांगावे लागू नये.

पहिला सामना आम्ही 0-35 असा हरलो. समोरचा संघ आमच्याहून दोन वर्षे अधिक खेळलेला होता, त्यामुळे पराभवाची तक्रार नाही. मात्र पहिल्या सत्रात आमच्या मुलींच्या हातून चेंडू सारखा निसटत होता आणि चेंडू पुढे सांडला की तो प्रतिस्पर्ध्याला मिळतो. मध्यंतरात कर्णधार मुलगी प्रशिक्षकांना म्हणाली, "सर, आज बॉल मोठा वाटतोय." सरांनी आधी ते मनावर घेतले नाही. मग चेंडू हातात घेऊन फिरवून पाहिला, तर त्यावर 5 हा आकडा छापलेला होता. या वयोगटासाठी 4 नंबरचा चेंडू असतो आणि मुली वर्षभर त्यावरच सराव करतात. 5 नंबरचा चेंडू मोठ्यांचा. दोन्ही संघ त्याच चेंडूने खेळत असल्यामुळे अन्याय झाला असे कोणी म्हणणार नाही, पण बारा वर्षांच्या मुलीच्या तळव्याला तो फरक पहिल्या झेलातच कळतो आणि मोठ्यांना तो आकडा वाचल्यावर कळला, हे मला लक्षात ठेवण्याजोगे वाटते. पंच मॅडमना सांगताच त्यांनी खेळ थांबवून चेंडू बदलून घेतला, दुसऱ्या मैदानावरचाही तपासायला माणूस पाठवला आणि आमच्या कर्णधाराला "तू बरोबर ओळखलंस" असे सर्वांसमोर सांगितले.

या स्पर्धेत पूर्ण गुण द्यावेत अशी गोष्ट म्हणजे पंचांची कामगिरी, आणि तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. आमच्या संघातील तीन मुली कबड्डीतून आलेल्या आहेत. समोरच्या मुलीला खाली आणण्यात त्या इतरांपेक्षा कितीतरी पुढे आहेत. कंबर असो वा घोटा, एकदा हात पडला की सुटका नाही. अडचण नेमकी तेथेच आहे. कबड्डीत पकडलेल्या खेळाडूला शिट्टी होईपर्यंत सोडायचे नसते, तर रग्बीत प्रतिस्पर्धी जमिनीवर आला की त्याला त्याच क्षणी सोडून बाजूला व्हावे लागते, कारण खेळ तेथे थांबत नाही, चेंडू पुढे खेळला जाणार असतो. आमची सर्वांत तगडी पकड करणारी मुलगी पहिल्या सामन्यात तीन वेळा याच चुकीसाठी दंडित झाली आणि तिसऱ्या वेळी ती रडवेली झाली, कारण तिच्या लेखी तिने जगातली सर्वांत उत्तम पकड केली होती.

दुसऱ्या सामन्याला त्याच पंच मॅडम होत्या. शिट्टी फुंकण्याआधी त्या प्रत्येक पकडीच्या वेळी मोठ्याने, स्वच्छ मराठीत "सोड, सोड, बाजूला हो" असे सांगत राहिल्या. ते ऐकूनही सोडले नाही तर मात्र दंड अटळ होता, आणि तो दोन्ही संघांना सारखा होता. सामना संपल्यावर त्यांनी त्या मुलीला बाजूला घेतले, स्वतः गवतावर आडव्या झाल्या आणि तिला म्हणाल्या, "मला पाड. आता मोजायचं नाही, विचार करायचा नाही, माझी पाठ जमिनीला लागली की तुझे दोन्ही हात मला वर दिसले पाहिजेत." चार वेळा करून घेतले. पाचव्या वेळी मुलीने हात इतक्या चपळाईने वर केले की बघणाऱ्या आमच्या सगळ्या मुली हसल्या आणि तीही हसली. पंचांचे काम दंड करण्यापुरते असते असे मानले तर त्यांनी हे करण्याची काहीच गरज नव्हती. शिवाय डोके कोणत्या बाजूला ठेवायचे हेही त्यांनी तेवढ्यात दुरुस्त केले: कबड्डीच्या सवयीने ती समोरून भिडत होती, रग्बीत डोके पडणाऱ्या खेळाडूच्या मागच्या बाजूला ठेवायचे असते, नाहीतर सगळे वजन मानेवर येते.

तो दुसरा सामना आम्ही 10-12 असा हरलो. दोन्ही बाजूंचे दोन-दोन ट्राय झाले आणि त्यांची एक किक खांबांमधून गेली, आमची एकही गेली नाही. सेव्हन्समध्ये ही किक चेंडू जमिनीवर ठेवून मारता येत नाही. हातातून सोडून, टप्पा पडताक्षणी मारावी लागते, आणि मुरमावर टप्पा कोठे उडेल याचा भरवसा नसतो. मुलींना मी घरी सांगितलेली एक गोष्ट त्या दुपारी उलटून माझ्यावर आली. 2019 साली भारतीय महिलांच्या पंधरा खेळाडूंच्या संघाने फिलिपिन्समध्ये सिंगापूरला 21-19 असे हरवून पहिला आंतरराष्ट्रीय कसोटी विजय मिळवला, तेव्हा ओडिशाच्या सुमित्रा नायक यांनी शेवटच्या मिनिटांत मारलेली पेनल्टी निर्णायक ठरली होती. भारताचे कर्णधारपद भूषवलेल्या वाहबिज भरुचा पुण्याच्याच, हेही मी मोठ्या अभिमानाने सांगितले होते. "काकू, तो दोन गुणांचा फरक आपल्या बाजूने कधी येणार?" असे आमच्या किक मारणाऱ्या मुलीने विचारले. मी तिला केळे दिले.

आता वेळापत्रकाविषयी. स्पर्धेपूर्वीच्या आठवड्यात व्हॉट्सॲपच्या गटावर अनुक्रमे 'अंतिम', 'सुधारित अंतिम' आणि 'अंतिम सुधारित' अशी तीन वेळापत्रके आली होती, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. आमचा दुसरा सामना 11:20 ला होता, तो 1:05 ला सुरू झाला. उशीर सगळीकडेच होतो. प्रश्न उशिराचा नसून न कळवलेल्या उशिराचा आहे. साडेबाराला टेबलावर विचारले असता "दोनच्या आधी तुमचा नंबर लागत नाही, जेवून घ्या" असे सांगण्यात आले, म्हणून मुली जेवायला बसल्या. जेवणात पुऱ्या, बटाट्याची रस्सा भाजी आणि मसालेभात होता. लग्नाच्या पंगतीला साजेसे, चवीला झकास आणि धावणाऱ्या पोटाला सर्वस्वी अयोग्य. शेवटचा घास तोंडात असतानाच ध्वनिक्षेपकावरून आमच्या संघाच्या नावाचा पुकारा झाला आणि दहा मिनिटांत मैदानावर न आल्यास सामना समोरच्या संघाला बहाल केला जाईल, अशी पुस्तीही जोडली गेली. एका मुलीला पहिल्या सत्रातच उलटी झाली. दुसरी पोट धरून उभी राहिली. 10-12 या निकालात पुऱ्यांचा वाटा किती, हे काढायला माझ्याकडे साधन नाही, पण प्रशिक्षकांनी त्या संध्याकाळी जाहीर केले की उद्या आयोजकांच्या जेवणाला कोणी हात लावायचा नाही. रविवारी आम्ही घरून दहीभात, केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि मीठ-साखरेचे लिंबू सरबत नेले आणि सामना किती वाजता आहे याची फिकीर न करता दर दीड तासाने थोडे थोडे खायला दिले.

वेळ भरून काढण्यासाठी शनिवारी दुपारी तीननंतर सर्व सामन्यांची सत्रे सात मिनिटांवरून पाच मिनिटांवर आणली गेली. आमचा तिसरा सामना म्हणजे दहा मिनिटांचा झाला. तो आम्ही 15-5 असा जिंकला, म्हणून मुलींनी तक्रार केली नाही. मी केली, कारण ज्या चार मुली राखीव म्हणून दिवसभर बसून होत्या, त्यांना याच सामन्यात उतरवायचे ठरले होते आणि त्यांच्या वाट्याला प्रत्येकी अडीच-तीन मिनिटे आली. घरी आल्यावर मी हिशोब मांडला. दोन दिवसांत आमचे पाच सामने झाले: चार चौदा मिनिटांचे आणि एक दहा मिनिटांचा, म्हणजे एकूण 66 मिनिटे. मैदानावर एका वेळी सात आणि संघात बारा, त्यामुळे सरासरीने प्रत्येक मुलीच्या वाट्याला साडेअडतीस मिनिटांचा खेळ आला. मैदानावर आम्ही शनिवारी साडेदहा तास आणि रविवारी साडेआठ तास होतो. उरलेले सव्वाअठरा तास मुली काय करत होत्या, कोठे बसल्या होत्या, काय पीत होत्या, याची योजना कोणीही केलेली नव्हती. या स्पर्धेवरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे: खेळाच्या मिनिटांसाठी चांगली माणसे नेमली होती आणि वाट पाहण्याच्या तासांना कोणीच वाली नव्हता.

सावलीचेच पाहा. पुण्याचा फेब्रुवारी सकाळी स्वेटर घालायला लावतो आणि दुपारी तिशी ओलांडतो. संपूर्ण मैदानावर एकच मांडव होता. त्यात पांढरी खोळ घातलेल्या खुर्च्या, पंखा, पुष्पगुच्छ आणि करंडकांचे टेबल होते आणि दोन्ही दिवस तो जवळजवळ रिकामा होता. आठ संघांच्या मुली आणि मुलांचेही तितकेच संघ कुंपणाकडेच्या चार गुलमोहरांखाली आणि उभ्या केलेल्या बसच्या सावलीत सरकत सरकत बसले. बारा वाजता बसची सावली संपते, हे आम्हाला कळले. पाण्याचे वीस लिटरचे जार सकाळी सहा होते. साडेदहाला ते रिकामे झाले आणि पुढचे बाराला आले. मधल्या वेळेत पालकांनी रस्त्यावरच्या दुकानातून बाटल्यांचे बॉक्स आणले.

पण पाणी असतानाही आमच्या मुली पीत नव्हत्या, आणि ही बाब मला पहिल्या दिवशी दुपारपर्यंत लक्षात आली नाही, याची मला लाज वाटते. बाटल्या भरलेल्याच का दिसतात म्हणून विचारले, तेव्हा दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले आणि एकीने हळूच सांगितले, "काकू, बाथरूमला जायला नको म्हणून." मैदानावर मुलींसाठी एकच स्वच्छतागृह होते, त्याला आतून कडी नव्हती, बादली होती पण नळाला पाणी नव्हते आणि दिव्याचे बटण बाहेरच्या बाजूला होते. कपडे बदलण्याची जागा म्हणजे तेच. मुलींनी जर्सी बदलताना एकमेकींभोवती चादर धरून आडोसा केला. एका मुलीची पाळी सुरू होती आणि वापरलेले पॅड टाकायला डबादेखील नव्हता. तिने ते कागदात गुंडाळून दिवसभर पिशवीत ठेवले. उन्हात धावणारी मुलगी पाणी पीत नाही म्हटल्यावर तिसऱ्या सामन्यात दोघींच्या पोटऱ्यांत गोळे आले, यात नवल काही नाही. तरी मैदानावरचे एक वयस्कर गृहस्थ 'आजकालच्या मुलींना स्टॅमिनाच नाही' असे म्हणाले, आणि त्यांना उत्तर देण्याइतका स्टॅमिना माझ्यातही उरला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी मी आणि आणखी तीन संघांच्या पालकांनी मिळून आयोजकांना याबद्दल सांगितले. ऐकून घेतले गेले, हे नमूद करायला हवे. रविवारी सकाळी कडी बसलेली होती, पाण्याची टाकी भरलेली होती, झाकणाचा डबा आला होता आणि क्लबच्या दोन ताई आलटून पालटून दाराशी उभ्या होत्या. म्हणजे हे सगळे एका रात्रीत होण्यासारखे होते. आयोजन समितीत सात जण होते आणि सातही पुरुष होते. आदल्या आठवड्यात मैदानाची पाहणी करायला एखादी आई किंवा एखादी वरिष्ठ खेळाडू सोबत गेली असती, तर कडी शुक्रवारीच बसली असती.

वैद्यकीय व्यवस्थेबद्दल दोन परस्परविरोधी गोष्टी सांगायच्या आहेत. रविवारी प्लेट गटाच्या, म्हणजे पहिल्या दिवशी मागे राहिलेल्या संघांच्या, उपांत्य सामन्यात आमच्या एका मुलीचे डोके प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्यावर आपटले. ती लगेच उठली आणि "मी ठीक आहे" म्हणाली. फिजिओ मॅडम आत आल्या, तिच्याशी दोन मिनिटे बोलल्या आणि तिला हात धरून बाहेर घेऊन गेल्या. नियम सरळ आहे: मेंदूला हादरा बसल्याचा, मैदानावरच्या भाषेत कन्कशनचा, नुसता संशय आला तरी खेळाडू बाहेर जातो आणि त्या दिवशी परत येत नाही. तिचे वडील चिडले. अंतिम सामना दोन तासांवर होता, मुलगी चालत-बोलत होती आणि तिला कोणता सामना चालू आहे हेही सांगता येत होते. "मग तिला विचारा, आपण आधीचा सामना कोणाशी खेळलो," असे मॅडमनी शांतपणे म्हटले. तिला आठवेना. वडील गप्प झाले. मॅडमनी त्यांच्या हातात मराठीत छापलेला एक कागद दिला, ज्यावर पुढच्या दोन दिवसांत काय पाहायचे हे लिहिले होते: उलटी, वाढती डोकेदुखी, नेहमीपेक्षा अधिक झोप, चिडचिड, अंधुक दिसणे, आणि यांपैकी काही दिसले तर थेट रुग्णालय गाठायचे. सोमवारी सकाळी त्यांनी स्वतः फोन करून चौकशी केली. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत खेळायचे नाही, हेही बजावले. पुण्यात मी कितीतरी खेळांच्या स्पर्धा पाहिल्या आहेत, त्यांत बर्फाची पिशवी आणि वेदनाशामक फवारा यांच्या पलीकडे वैद्यकीय मदत गेलेली मला आठवत नाही.

दुसरी गोष्ट अशी की शनिवारी दुपारी मुलांच्या गटातील एका खेळाडूचा खांदा निखळला आणि मैदानावरची एकुलती एक रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. ती परत येईपर्यंत पन्नास मिनिटे दोन्ही मैदानांवर सामने चालूच राहिले. आयोजकांच्याच परिपत्रकात नवव्या कलमात 'रुग्णवाहिका उपलब्ध नसताना खेळ स्थगित राहील' असे स्वच्छ लिहिलेले आहे. मी ते कलम दाखवल्यावर मला सांगण्यात आले की वेळापत्रक आधीच मागे आहे. फिजिओ मॅडम त्या वेळी एकाच होत्या आणि दोन मैदानांच्या मध्ये उभ्या राहून दोन्हीकडे मान वळवत होत्या. सुदैवाने काही घडले नाही. सुदैवावर चालवलेल्या त्या पन्नास मिनिटांसाठी मी या स्पर्धेचे जेवढे गुण कापते, तेवढे पुऱ्यांसाठी किंवा मांडवासाठी कापत नाही.

स्पर्धेची रचना मात्र अनुकरणीय होती. आठ संघांचे दोन गट, पहिल्या दिवशी गटातील तीनही सामने आणि दुसऱ्या दिवशी गटातील वरचे दोन संघ कपसाठी तर खालचे दोन प्लेटसाठी. त्यामुळे पहिल्या दिवशी दोन सामने हरलेला आमच्यासारखा संघही रविवारी काहीतरी जिंकायला आला होता आणि परिपत्रकातील चारऐवजी पाच सामने खेळला. बाद पद्धतीच्या स्पर्धांत सकाळी नऊला हरून दहाला बस पकडणारे संघ मी पाहिले आहेत. प्लेटच्या उपांत्य सामन्यात आम्ही 17-10 असे जिंकलो. त्यात आमच्या एका ट्रायनंतरची किक खांबाला लागून आत पडली आणि मुलींनी तो जणू विश्वचषक असल्याप्रमाणे जल्लोष केला. अंतिम सामना 5-14 असा गेला. डोक्याला लागलेली मुलगी रेषेबाहेर प्रशिक्षकांच्या टोपीखाली बसून ओरडत होती, इतके की शेवटी फिजिओ मॅडमनी तिला ओरडण्यासही मनाई केली.

बक्षीस समारंभ लवकर आटोपावा अशी सर्वांची इच्छा होती आणि प्रमुख पाहुण्यांची ती दिसली नाही. ते सत्तर मिनिटे उशिरा आले. तोवर सोळा संघ रांगा करून उन्हात उभे होते. मांडव, अर्थातच, पाहुण्यांची वाट पाहत होता. शाल, श्रीफळ आणि तीन भाषणे झाली, त्यांतल्या एकात खेळाचा उल्लेख 'रग्बी फुटबॉल हॉकीसारखा' असा झाला. प्रमाणपत्रांवर आमच्या बारांपैकी चार मुलींची नावे चुकलेली होती. ती दुरुस्त करून आठवड्याभरात घरपोच आली, त्यामुळे तो विषय मी संपला असे मानते.

पुढच्या वर्षी संघ पाठवायचा का, असे आमच्या पालकसभेत विचारले गेले तेव्हा मी होकार दिला, आणि सोबत एक यादी दिली: स्वतःचा ताडपत्रीचा आडोसा, दोन जार पाणी, घरचे जेवण, 4 नंबरचे दोन चेंडू आणि रुग्णवाहिका गेली तर संघ मैदानाबाहेर काढण्याचा अधिकार प्रशिक्षकांना लेखी. मुलीमागे 500 रुपये मी पंच आणि फिजिओ यांच्यासाठी आनंदाने पुन्हा भरीन. पत्राला आयोजकांचे उत्तर आले आहे. दुसरी रुग्णवाहिका आणि संघांसाठी दोन मांडव यांचा शब्द त्यांनी दिला आहे, वेळापत्रकाबद्दल मात्र 'प्रयत्न करू' एवढेच लिहिले आहे.

पंच मॅडमनी गवतावर आडवे होऊन शिकवलेला धडा आमच्या त्या पकडवाल्या मुलीने इतका मनावर घेतला आहे की गेल्या आठवड्यात तिचे कबड्डीचे सर मला रस्त्यात थांबवून तक्रार करत होते: ही चढाईला आलेल्या मुलीला झकास पकडते, खाली आणते, आणि लगेच दोन्ही हात वर करून सोडून देते.